मापाचा डोंगा

मॅडमच्या घरात ‘चालेल’ हा शब्द बोलायला बंदी होती. शिवणक्लासला येणारी एखादी मुलगी कॉलर जराशी तिरपी बसवून “चालेल ना मॅडम?” म्हणाली, की मॅडम तोंडातल्या टाचण्या न काढता एवढंच म्हणत, “उसव.” मुलगी रडकुंडीला येई. मॅडम तिच्यापुढे ब्लेड ठेवत आणि आतून दोन कप चहा मागवत. एक स्वतःला, एक तिला.

“रडत रडत उसवलं तं कपडा फाटते. चहा पी, मंग उसव.”

त्या माझ्या घरमालकीण. मुलींच्या सरकारी प्रशिक्षण संस्थेत त्यांनी नोकरीभर शिवणकाम शिकवलं आणि निवृत्तीनंतर तोच क्लास घराच्या हॉलमध्ये चालू ठेवला. उत्तर नागपुरातली ती सगळी गल्ली त्यांना मॅडम म्हणे. भाजीवाला मॅडम म्हणे, दवाखान्यातले डॉक्टरही मॅडम म्हणत. लहानपणीच्या पोलिओनं त्यांचा उजवा पाय बारीक राहिला होता. मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर आणि हातात काठी. पण चष्मा लावणारा माणूस जसा चष्म्याबद्दल बोलत बसत नाही, तशा त्या पायाबद्दल बोलत बसत नसत.

मी काटोलची. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. बी.एस्सी. झाल्यावर हिंगण्याच्या एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, मला नोकरी लागली. रुजू व्हायच्या आदल्या दिवशी बाबा मला घेऊन खोली शोधायला निघाले. मी आईनं शिवलेला नवा कुर्ता घातला होता, कारण दुसऱ्या दिवशीही तोच घालायचा होता. मॅडमनी दार उघडलं, बाबांच्या नमस्काराला मान हलवली आणि माझ्याकडे पाहत विचारलं, “हे बाही कोनं शिवली?”

“आईनं.”

“आईचा हात चांगला आहे. पण काखेत ओढून राहिली. हात वर कर.”

बाबा पाण्याची वेळ विचारत होते. मॅडमनी त्यांना हातानंच थांबवलं. “थांबा ना भाऊ. पोरगी उद्या ऑफिसात वरच्या फळीवरचं काही काढाले जाईन आन सगळा कुर्ता वर येईन.”

त्यांनी मला आतल्या खोलीत पाठवून कुर्ता काढून घेतला, काखा उसवल्या आणि दोन्हीकडे चौबगला घातला. चौबगला म्हणजे काखेतला कापडाचा छोटा चौकोनी तुकडा. तेवढ्यानं हात मोकळा होतो. बाबा खुर्चीच्या कडेवर बसून पाहत राहिले. मी कुर्ता घालून बाहेर आले तेव्हा मॅडम म्हणाल्या, “आता खोली पाहून घ्या.”

“पाहिली,” बाबा म्हणाले. खोलीचं दार अजून उघडलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मला खरोखरच वरच्या फळीवरची बाटली काढायला सांगितली. मी ती काढली. त्या दिवसापासून मॅडम माझ्यावर रागावल्या तरी मी मनावर घेत नसे. आणि त्या पुष्कळ रागावत. माझ्या खोलीत न विचारता येत, दोरीवरचे कपडे चाचपत आणि सैल झालेलं बटण दिसलं तर अख्खा कपडाच घेऊन जात. गळ्यात मापाची टेप कायम असे. लग्नाच्या जेवणाच्या पंगतीतही ती काढायची राहून जाई. टीव्हीवर कोणी पुढारी भाषण करत असला तर त्या आवाज बंद करून पाहत. “याच्या बंडीचा डावा खांदा उतरला आहे. टेलर भेला असन याले.” भाषणात काय होतं, हे त्यांना कधी सांगता आलं नाही.

असल्या बाईनं होडी बांधायला घेतली.

एका रविवारी आम्ही तर्री-पोहे खात होतो. मॅडमनी मोबाइल माझ्यापुढे धरला. कुठल्याशा परदेशी तळ्यात एक बाई लांबट, निमुळत्या होडीत बसून दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्यानं पाणी कापत चालली होती. त्या होडीला कयाक म्हणतात, एवढं मला ठाऊक होतं.

“हिचे पाय कुठं आहेत?” मॅडमनी विचारलं.

“आत. समोर लांब केलेत.”

“काय करून राहिले ते?”

“काही नाही, मॅडम. थोडाफार आधार देत असतील. चालवतात ते हातच.”

मॅडमनी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. पोहे निवले. मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. त्यांच्या संस्थेची सहल एकदा तलावावर गेली होती. तिथे पायडल मारायच्या बोटी होत्या. बाकीच्या शिक्षिकांनी प्रेमानं त्यांना उचलून बोटीत ठेवलं, मांडीवर सगळ्यांच्या पर्सेस दिल्या आणि म्हणाल्या, तुम्ही आरामात राहा, आम्ही मारतो पायडल. तलावाला पूर्ण चक्कर मारून आणलं.

“चांगल्या होत्या बिचाऱ्या,” मॅडम म्हणाल्या. “पण सायकलच्या कॅरियरवर, रिक्षात, स्कूटरच्या मागं, मी आजलोक जिकडं गेली तिकडं कोनाच्या तरी पाठीकडं पाहत गेली. मले एक डाव असं जायचं आहे का समोर कोनाची पाठ नाही.”

मी म्हटलं, प्लास्टिकची कयाक विकत मिळते. मी तयार ब्लाउज घालून आले असावे, तशा त्या माझ्याकडे पाहू लागल्या.

“रेडिमेड कोनाच्या मापाचं राहते वं? माहा एक पाय असा, एक तसा. कंबर एकीकडं कललेली. मी त्या प्लास्टिकात घुसली तं निघन का बाहेर?”

हा मुद्दा खरा होता. मी इंटरनेटवरून लाकडी पट्ट्यांच्या कयाकचा आराखडा उतरवून घेतला. तो इंग्रजीत होता. माझं इंग्रजी आणि मॅडमचं इंग्रजी मिळून एका माणसाचं पुरेसं इंग्रजी होत असे. पद्धत अशी, की होडीच्या आडव्या कापांसारखे प्लायवूडचे फर्मे कापायचे, एका सरळ दांड्यावर ओळीनं उभे करायचे आणि त्यांच्यावरून लाकडाच्या बारीक लवचीक पट्ट्या कडेला कड चिकटवत जायच्या. सगळं अंग झाकलं गेलं की आतले फर्मे काढून टाकायचे. उरतं ते होडीचं कवच.

“म्हंजे डमीवर कपडा चढवणं,” मॅडम म्हणाल्या. त्यांना पुढचं फारसं वाचून दाखवावं लागलं नाही.

त्यांनी जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरली, कॅलिपर काढला, पाय लांब करून बसल्या आणि शिंप्याच्या खडूनं मला त्यांच्याभोवती रेघ ओढायला लावली. मग स्वतः उठून, काठीच्या टोकानं त्या आकारावर बोट ठेवावं तसं दाखवत म्हणाल्या, “इथं चार बोटं ढिल्लं ठेवू. उजव्या टाचेखाली गादी.” आराखड्यातले मधले फर्मे त्या रेघेप्रमाणे बदलले. प्रत्येक फर्म्याला त्यांनी नाव दिलं: गळा, छाती, कंबर, घेर. पुढे महिनोन्‌महिने त्या घरात अशी वाक्यं ऐकू येत: “कमरेजवळ पट्टी उठून राहिली.” “छातीत जरा दाब.” नव्यानं क्लासला आलेल्या मुलींना कोणाबद्दल बोलणं चाललंय ते कळत नसे.

लाकूड आणायला आम्ही लकडगंजात गेलो. तिथल्या दुकानदारानं मॅडमना खुर्ची दिली आणि सागवान दाखवलं. “पलंग बनाना है, मॅडमजी?”

“डोंगा.”

“डोंगा? नागपूर में?”

“काहून? नागपूर में पानी नहीं है क्या?”

मॅडमनी सागाची फळी एका हातानं उचलायचा प्रयत्न केला आणि सोडून दिली. मला पेलेल असं पाहिजे, म्हणाल्या. शेवटी शिवणीचं लाकूड निघालं. हलकं, फिकट आणि वाकडं न होणारं. ढोलकीचं खोड त्याचं करतात. दुकानदार म्हणाला, मॅडम शिवण शिकवतात आणि लाकूडही शिवणच नेतात. मॅडमनी त्याच्याकडे पाहून घेतलं आणि आरा मशीनवाल्याला पट्ट्या किती बारीक पाहिजेत ते सांगायला लागल्या.

होडी हॉलपेक्षा लांब निघाली. तिचं नाक स्वयंपाकघराच्या दारातून आत शिरलं. चहा करायचा तर नाकाखालून वाकून जावं लागे. क्लासच्या मुली दोन्ही बाजूंना मशिनी मांडून बसत. गल्लीतले लोक येता-जाता खिडकीतून विचारत, “मॅडम, पूर येऊन राहिला का?” मॅडम आतून म्हणत, “आला तं तुले नाही घेणार.”

त्यांची काम करायची रीत कोणत्याही आराखड्यात नसेल. खिळे मारायला त्यांनी साफ नकार दिला. “टाचणीचं भोक दिसलं का माल सेकंड झाला.” मग चिकटवलेली पट्टी सुकेपर्यंत धरून कशी ठेवायची? मी बाबांना फोन केला. बाबा पुढच्याच रविवारी फुटक्या ट्यूबांचं पोतं घेऊन काटोलहून आले. दारात उभे राहून त्यांनी होडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“तुले इथं राहाले ठेवलं होतं ना गं?”

“बाबा, आपल्या ट्यूबा यालाच पाहिजेत.”

बाबांनी ट्यूबच्या लांब पट्ट्या कापून होडीभोवती एक आवळून दाखवली. मॅडमनी ती बोटानं छेडून पाहिली. “कच्चा टाका,” त्या म्हणाल्या, आणि बाबांना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. बाबांनी ही गोष्ट काटोलात किती जणांना सांगितली असेल, देव जाणे. दुकानात कोणाची ट्यूब कामातून गेली की ते म्हणत, टाकू नका, नागपुरात जहाज बनून राहिलं.

नाकाजवळ पट्टीला पीळ द्यावा लागे आणि तिथे पट्ट्या मोडत. मॅडमनी पट्टीवर ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली. वाफ निघाली, आणि पट्टी कॉलरसारखी वळली. त्या वेळचा त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. हसल्या नाहीत. फक्त दुसरी पट्टी मागितली.

या सगळ्याला एकाच माणसाचा विरोध होता. त्यांचा धाकटा भाऊ. रेल्वेतून निवृत्त झालेले, वरच्या मजल्यावर राहणारे. आम्ही त्यांना भाऊच म्हणायचो. मॅडमना शाळेत, कॉलेजात, नोकरीवर, बाजारात त्यांनीच नेलं-आणलं होतं. आधी सायकलवर, मग स्कूटरवर. ते रोज संध्याकाळी खाली येत आणि होडीकडे पाठ करून बसत.

“ताई, तुले पोहता येत नाही आन डोंगा बनवून राहिली!”

“तू रेल्वेत होता. तुले इंजिन चालवता येत होतं का?”

“मी रुळावर होतो ना! हे पाणी आहे, पाणी!”

एकदा जिन्यात मला गाठून म्हणाले, “पोरी, तू शिकेल आहेस. तुह्यं ऐकते ते. सांग ना तिले. आजलोक मी तिले कुठं एकटी सोडली नाही. आता या वयात...” मी मॅडमना काही सांगितलं नाही. मला मॅडमचं बरोबर वाटत होतं आणि भाऊंचंही चूक वाटत नव्हतं.

उन्हाळा लागला तेव्हा कवच तासून, घासून गुळगुळीत झालं होतं. आता त्यावर काचेच्या धाग्याचं पातळ कापड अंथरून वरून राळेसारखं रसायन चढवायचं होतं. ते भिनलं की कापड दिसेनासं होतं आणि लाकडावर पाणी न शिरणारी काचेसारखी साल बसते. इथे मात्र माझ्या नोकरीचा उपयोग झाला. असल्या रसायनाला ओल सोसत नाही, ते सुकेपर्यंत हवा कोरडी पाहिजे, हे मला माहीत होतं. म्हणून पावसाच्या आत काम उरकायचं आणि कूलर बंद ठेवायचा. मे महिन्यात नागपुरात कूलर बंद म्हटल्यावर क्लासच्या मुलींनी माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं. मॅडम म्हणाल्या, “ते सांगून राहिली तं बंद म्हंजे बंद.”

बुद्धपौर्णिमेला कामाला सुट्टी होती. त्या दिवशी घरात वंदना झाली, खीर झाली. दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही दोघींनी कापड अंथरलं. मॅडमच्या हाताखाली त्या कापडाला एक सुरकुती पडली नाही. मी रसायन कालवून देत होते, मॅडम रबरी पट्टीनं ते पसरत होत्या. कापड हळूहळू नाहीसं होऊन खालचं लाकूड मधासारखं उजळत चाललं होतं. शेवटच्या टोकाला पोचलो तेव्हा ऊन खिडकीत आलं होतं, आणि माझा घोळणा फुटला. नाकातून रक्ताची धार लागली. दोन-चार थेंब जमिनीवर पडले. होडीवर पडले नाहीत, याचंच मला बरं वाटलं.

मॅडमनी मला मागच्या खोलीत आडवं केलं, डोक्यावर ओलं फडकं ठेवलं, नाकाशी कांदा धरला. “पडून राह्य. उठशील तं पाह्यजो.” मला झोप लागली. झोपेत गार वाटत होतं, हे आठवतं.

जाग आली ती त्या गारव्यानंच. हॉलमधला कूलर चालू होता. मधलं दार सताड उघडं होतं आणि ओला वारा होडीवरून थेट माझ्या अंगावर येत होता. मी धावत गेले. सगळी होडी पांढुरकी पडली होती, ताकाचा हात फिरवल्यासारखी. बोट लावलं तर तेलकट, चिकट. मॅडम स्टुलावर बसल्या होत्या. कूलर बंद करावा हेही त्यांना सुचलं नव्हतं.

“तुह्या अंगातली आग उतरतच नव्हती,” त्या म्हणाल्या. “मी घाबरली. म्या लावला.”

मी कूलर बंद केला. ज्या बाईनं आयुष्यात कोणाची तिरपी कॉलर सोडली नाही, तिनं माझ्या नाकातल्या रक्तापुढे आपली होडी सोडली होती. काहीतरी धीर द्यावा म्हणून मी म्हटलं, “मॅडम, वरून दुसरा थर दिला तर पांढरेपणा दबेल बराचसा. तरंगायला काही अडचण नाही. चालेल.”

“काय म्हटलं?”

मी चिकट झालेलं बोट ओढणीला पुसलं.

“चिकटन का दुसरा थर या चिकट्यावर? तू शिकेल आहेस, खरं सांग.”

“बरोबर नाही चिकटणार. पुढेमागे सुटेल.”

“पाण्यात सुटन?”

“सुटू शकतं.”

तेवढ्यात भाऊ खाली आले. त्यांनी होडी पाहिली. त्यांना आनंद झाला असं मी म्हणणार नाही, पण त्यांचा श्वास मोकळा झाल्याचं मला दिसलं. “जाऊ दे ताई आता,” ते मऊ आवाजात म्हणाले. “झाली ना हौस. लय चांगली बनवली. भितीले टांगून ठेवू.”

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मला म्हणाल्या, “चहा ठेव.” आम्ही तिघांनी चहा घेतला. कप खाली ठेवून त्यांनी पॉलिश पेपर मागितला आणि होडीच्या नाकापासून घासायला सुरुवात केली.

तो उन्हाळा आम्ही उसवण्यात घालवला. रसायन पक्कं झाल्यावर ते घासून काढणं हे काम कोणावर येऊ नये. मी कारखान्यातून येऊन घाशी. क्लासच्या मुली तोंडाला ओढण्या बांधून घासत. मॅडम चाकाच्या स्टुलावर बसून होडीच्या कडेनं सरकत जात. त्यांचे दंड आधीच हातमशीन फिरवून फिरवून पक्के झालेले होते. केसांत, भांड्यांत, पोळीच्या पिठात, सगळीकडे पांढरी भुकटी. एका संध्याकाळी मॅडमच्या मनगटाला सूज आली होती आणि त्या दुसऱ्या हातानं घासत होत्या. भाऊ नेहमीसारखे पाठ करून बसले होते. थोड्या वेळानं ते उठले.

“दे इकडं,” ते म्हणाले. “असं घासते का कोनी? रेल्वेचा डबा असा घासला असता तं सस्पेंड झालो असतो.”

“तुले आवडत नाही ना?”

“नाहीच आवडत. सरक.”

त्यानंतर ते रोज घासायला येऊ लागले आणि रोज विरोधही करत राहिले. दोन्ही कामं त्यांनी मनापासून केली.

पावसाळाभर होडी चादरीखाली तशीच राहिली, कारण मी कोणाला तिच्याजवळ रसायन आणू दिलं नाही. ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत दुसऱ्यांदा कापड चढलं आणि या वेळी ते स्वच्छ, आरपार बसलं. मग आतली बाजू, मग वरचं झाकण. झाकणात बसायची जागा कापायची होती, ती मॅडमनी स्वतः कापली. करवत हातात घेताना आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं. “गळा कापताना कोनी श्वास घेतलेला मले चालत नाही.”

हिवाळ्यातल्या एका सकाळी आम्ही होडी टेम्पोत गाद्या घालून कळमेश्वरकडच्या एका तलावावर नेली. तिथल्या ढीवरांच्या मासेमारी सोसायटीतल्या एका म्हाताऱ्या बाबाशी भाऊंनी बोलून ठेवलं होतं. म्हातारा आपल्या डोंग्यातून उतरून आला, होडीवरून हात फिरवला.

“देखणा आहे डोंगा. पण बाई, मासोळ्या कुठं ठेवान?”

“मी बसली का जागाच उरत नाही बाबा.”

मॅडमनी कॅलिपर काढून माझ्या हातात दिला. भाऊंनी त्यांना कंबरभर पाण्यात उचलून नेलं आणि होडीत बसवलं. अंगावर तरंगणारं जाकीट होतं. त्या बसल्या, इकडून तिकडे हलून पाहिलं, उजवी टाच गादीवर टेकवली. आणि म्हणाल्या, “आता पहिले उलटून पाहू.”

“काय?” भाऊ ओरडले.

“शिवण ओढून पाहिल्याशिवाय मी गिऱ्हाइकाच्या हाती कपडा देत नाही.”

भाऊ पुढे यायच्या आत त्यांनी अंग एका बाजूला टाकलं. होडी पालथी झाली. वर नुसतं लाकडी पोट, ओलं, चमकणारं. खाली काही हालचाल दिसेना. भाऊंनी झेप घेतली तोच पलीकडच्या बाजूनं मॅडमचं डोकं वर आलं. केस तोंडावर, नाकातोंडातून पाणी, पण दोन्ही हात होडीला धरलेले.

“पाय अटकला होता,” त्या खोकत म्हणाल्या. “पण निघाला. परत.”

“परत नाही! ताई, मी तुह्या पाया पडतो!”

“पाया नंतर पड. आंधी सरळ कर डोंगा.”

त्यांनी परत उलटून दाखवलं, आणि त्या वेळी त्या लवकर वर आल्या. म्हातारा ढीवर बाबा काठावर बसून इतका हसला की त्याला ठसका लागला.

ठरलं होतं असं: मॅडम तलाव ओलांडून समोरच्या काठाला जातील. भाऊ आणि मी त्यांच्या स्कूटरनं बांधावरून फिरून तिथे पोचू, कॅलिपर, काठी, शाल आणि चहाचा थर्मास घेऊन. टेम्पो मागून येईल. भाऊंनी मात्र न ठरलेली एक गोष्ट केली होती. होडीच्या मागच्या टोकाला नायलॉनची दोरी बांधून तिचं दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं होतं.

मॅडमनी वल्हं उचललं. पहिले काही हात वेडेवाकडे पडले, होडीनं नाक भलतीकडे वळवलं. मग त्यांना लय सापडली. डावा, उजवा. दोरी सरसर उलगडत गेली, ताणली, आणि होडी जागच्या जागी थांबली. मॅडम वल्हं मारत होत्या, पाणी मागे जात होतं, होडी जात नव्हती. त्यांनी मान वळवली नाही.

“सोड गा.”

“ताई, थोडंसं इथंच फिर ना. एवढं तं एवढं.”

“सोड गा भाऊ.”

भाऊ कंबरभर पाण्यात उभे होते. त्यांनी दोरीचे वेढे मनगटावरून काढले. मला वाटलं, हातात धरून ठेवतील. थोडा वेळ त्यांनी धरलीही. मग बोटं उघडली. दोरी पाण्यावरून होडीमागे निघून गेली.

भाऊ ओल्या कपड्यांनीच स्कूटरवर बसले, मी मागे. बांध संपल्यावर रस्ता गावातून जात होता. आधी शेळ्यांचा कळप आडवा आला. मग कापसाचा ट्रॅक्टर गल्लीत अडकला होता. तो मागे घ्यायला कोणी तयार नव्हतं. भाऊ हॉर्नवरून हात काढत नव्हते. “ते तिथं चिखलात बसली असन,” ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. “काठीशिवाय उतरता नाही येत तिले. थंडीनं काकडली असन.”

समोरच्या काठावर पोचलो तेव्हा तिथे कोणी नव्हतं. काठाच्या चिखलात होडीचं नाक टेकल्याची एक खूण होती, ताजी, तिच्यात अजून पाणी भरत होतं. भाऊ खुणेकडे पाहत राहिले. मग मी बोट दाखवलं.

होडी तलावाच्या मध्यावर होती. काठाला टेकून, वळून, त्या परत निघाल्या होत्या. आमच्याकडे पाठ होती. डावा, उजवा, डावा, उजवा, आणि मागे ती दोरी.

“ताई!” भाऊंनी हाक मारली. “अवं ताई!”

ऐकू गेली असावी. त्या थांबल्या नाहीत.

भाऊंनी स्कूटर वळवली. मी कॅलिपर आणि काठी मांडीवर घेऊन मागे बसले. त्यांनी किक मारली, गाडी सुरू झाली. पण त्यांनी ती हलवली नाही. दोन्ही पाय जमिनीला टेकून ते तलावाकडे पाहत राहिले.

“जाऊ दे तिले,” ते म्हणाले. “थोडी पुढं जाऊ दे.”